बुजवलेला खड्डा

इंजिनियर: ताई, पुन्हा एकदा विचारते. खड्डा याच जागी होता?

बायको: याच जागी, मॅडम. हा दिव्याचा खांब बघा ना, अजून वाकलेलाच आहे. आमच्याच गाडीने वाकवलाय. हे गाडी चालवत होते, मी शेजारी. अंधारून आलं होतं आणि रस्त्यावरचे दिवे बंद. पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी फेकली गेली ती थेट खांबावर. माझा उजवा हात दारात चेंगरला.

इंजिनियर: खांब दिसतोय. हातही दिसतोय. खड्डा दिसत नाही.

बायको: म्हणजे तुमच्याच लोकांनी बुजवला असणार. आमचा नुकसानभरपाईचा अर्ज आला आणि तुमच्या ऑफिसने सारवासारव केली. अहो, तुम्ही गप्प का? बोला की काहीतरी. एरवी सिमेंटच्या भावावर तासभर बोलता.

गवंडी: काय बोलू? खड्डा होता, मॅडम. चांगला गुडघाभर.

इंजिनियर: फोटो आहे?

गवंडी: फोटो कधी काढणार? हिला उचललं आणि दवाखाना गाठला.

इंजिनियर: बरोबर आहे तुमचं. पण पाहणीला आले की डोळ्यांना दिसेल तेच मला लिहावं लागतं. आमच्या नगरपालिकेने इथे बऱ्याच दिवसांत हात लावलेला नाही. लावला असता तर डांबर ओतून, वर रोलर फिरवून मोकळे झाले असते. हे काँक्रीट आहे. कडा सरळ कापल्यात, पाणी साचू नये म्हणून गटाराकडे ढाळ काढलाय. खरं सांगू का, असं काम आमच्याकडे होतच नाही.

बायको: ढाळ?

इंजिनियर: हो. ही बाटली ओतते, बघा. कसं सरळ गटाराकडे गेलं पाणी.

बायको: आमच्या न्हाणीघरात अस्संच जातं. अहो, इकडे बघा. खांबाकडे नको, माझ्याकडे बघा. तुम्ही भरलात?

गवंडी: हो.

बायको: कधी?

गवंडी: दुसऱ्या दिवशी सकाळी. तुला ऑपरेशनला आत नेलं, मला म्हणाले, बाहेर बसा. बसवेना. तुझे कपडे आणायला घरी निघालो. इथे एक बाई स्कूटरवर मागे पोरीला बसवून चालली होती. खड्डा चुकवायला गेली आणि मागून ट्रक. थोडक्यात वाचल्या दोघी. मग घरून थापी घेतली, कामावरचं सिमेंट आणलं आणि इथेच माल कालवला.

बायको: आणि मी तिकडे टेबलावर.

गवंडी: हातांना काहीतरी काम हवं होतं गं.

बायको: तुमच्या हातांना काम हवं होतं. माझ्या हाताचं काम गेलं त्याचं काय? शिवणकाम बंद पडलं, कात्री धरता येत नाही मला. साधं बटण लावता येत नाही. मॅडम, डॉक्टर म्हणतात, दुसरं ऑपरेशन केलं तर बोटं वळतील. त्याचे पैसे या अर्जातूनच यायचे होते. रोज जेवताना मी यांच्यापुढे अर्जाचं पुराण लावते आणि हे मिठाची गुळणी धरून बसलेत.

गवंडी: अर्जाला खड्डा लागतो हे मला काय ठाऊक? मला वाटलं, हात दाखवला की झालं. कळलं तेव्हा तुला सांगायची छाती होईना.

बायको: गाडीत पहार आहे ना तुमची? काढा. फोडा हे.

इंजिनियर: ताई, हे मी ऐकलेलं नाही. मला पलीकडच्या गटाराची मापं घ्यायची आहेत. थोडा वेळ लागेल. परत आल्यावर जे दिसेल ते लिहीन.

(इंजिनियर टेप घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाते.)

बायको: गेली बिचारी. याहून स्पष्ट ती काय बोलणार? आणलीत पहार?

गवंडी: ही काय.

बायको: मग बघत काय उभे राहिलात?

गवंडी: कुठून घाव घालू ते बघतोय. पक्कं बसलंय. हे बघ, तू म्हणशील तर फोडतो. तुझ्या हातापुढे याची काय किंमत? फक्त एक सांग. फोडल्यावर भरायचं कोणी?

बायको: तेच भरतील. त्यांचा रस्ता आहे.

गवंडी: मघाशी तू गाडीतून उतरत होतीस तेव्हा मी मॅडमना सहज विचारलं, खड्ड्यांचं तुमच्याकडे कसं असतं. म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या कामांत घेतात, पैसे मंजूर झाले तर.

बायको: आणि तोवर?

गवंडी: काठी रोवून लाल फडकं बांधतात.

बायको: आपल्या वेळी होतं फडकं?

गवंडी: होतं. काठीसकट गटारात पडलेलं. भरताना दिसलं मला.

बायको: ती स्कूटरवरची पोरगी केवढी होती?

गवंडी: आईच्या कमरेला हात पुरत नव्हते, एवढी.

बायको: तुमच्यावर धड रागवायचीही सोय नाही. ठेवा ती पहार गाडीत.

गवंडी: नक्की?

बायको: नक्की कसलं? हात माझा गेलाय, रडू येतंय मला. तरी ठेवा.

गवंडी: कपडे कापायचं काम मी शिकतो. तू नुसत्या खुणा सांग.

बायको: तुम्ही कापलेले कपडे घालून कोण घराबाहेर पडेल? बाह्यांनाही ढाळ काढाल.

इंजिनियर: झाली माझी मापं. हे तर तसंच आहे.

बायको: तसंच राहू दे, मॅडम. लिहा काय लिहायचं ते.

इंजिनियर: खड्डा आढळला नाही, हे लिहावंच लागेल. पण इथे आम्ही न केलेलं काँक्रीट आहे, हेही मला दिसतंय. तेही लिहिते. कोणी भरलं आणि का भरलं, ते तुम्ही सहीनिशी सांगा, भाऊ. मात्र परवानगीशिवाय रस्त्याला हात लावला म्हणून तुम्हालाच दंड होऊ शकतो.

गवंडी: होऊ दे. सही करतो.

बायको: आणि भरपाई?

इंजिनियर: खोटी आशा लावत नाही, ताई. वरचे म्हणतील, यांनी स्वतःच पुरावा बुजवला. बहुतेक फेटाळतील. मग अपील करा. मला बोलावलं तर पाहिलेलं सगळं सांगेन.

बायको: एवढं बोललात, बरं वाटलं. अहो, चला. येताना शाळेच्या फाटकासमोर गाडी आदळली ना आपली?

गवंडी: हो. तिथला याच्याहून खोल आहे.

बायको: तुमचं अर्धं लक्ष तिकडेच आहे, कळतंय मला. उद्या भरायला जाल तेव्हा मला घेऊन चला. आधी फोटो काढायचा, मग थापी लावायची.

गवंडी: मला त्या फोनमधलं काही जमत नाही.

बायको: मी काढीन. तेवढं डाव्या हाताने जमतं.