नेसरीच्या चौकटीत पिराजीनं काय टाकलं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक आदरणीय अमरसिंह दादा. नेसरीहून कामधंदा सोडून आलेले प्रमुख पाहुणे, आमचे सर्वांत जुने ग्राहक बसलिंगाप्पा काका. शाल सावरत बसलेल्या सत्कारमूर्ती इरावती मॅडम. आणि पेढ्यांच्या खोक्याकडे डोळे लावून माझ्याकडे कान करणारे माझे सगळे सहकारी, आपणा सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालक अभिरामनं माझं नाव पुकारलं तेव्हाच मला शंका आली. इथे सात माणसं माझ्यापेक्षा बरं बोलतात. मग मीच का? इरावती मॅडम कंपनी सोडून पुण्याला निघाल्या आहेत आणि मोहित व्यासपीठावर काय करतो ते बघायचं आहे, होय ना? अभिराम, हसू नकोस. माझ्या मनात काय आहे ते या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मॅडमनाही असावं, असा माझा संशय आहे.

संशय हा तसा माझा धंदाच. काकांसारख्या इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी आपण गावोगावच्या लाईनी तपासणारा प्रोग्रॅम बनवतो. माणूस पडद्यावरच्या चौकटीत काहीतरी भरतो, प्रोग्रॅम ते घेऊन कामाला लागतो. आता माणूस काय भरेल याचा भरवसा काय? दारात अनोळखी कोणी उभा राहिला तर आपली आक्का काय विचारते? "कुठनं आलासा पावणं?" नाव-गाव कळल्याशिवाय ती पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे करत नाही. प्रोग्रॅमनंही तसंच करायचं असतं. भरलेलं आधी तपासायचं, मग आत घ्यायचं. एवढी साधी गोष्ट मला कॉलेजात कोणी शिकवली नाही. शिकवलीही असेल; मी दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून बाहेर पडलो, त्याला ते सर काय करणार? मला ती शिकवली इरावती मॅडमनी. त्यांचं कामच मुळी माझे प्रोग्रॅम पाडून दाखवण्याचं. तीन वर्षं त्यांनी ते इतक्या गोड आवाजात केलं, की पडलेला प्रोग्रॅम उचलायला मी दिवसातून चार वेळा त्यांच्या टेबलाशी जायचो. कधीकधी तो पडलेला नसतानाही.

आता मार्च महिन्याकडे येतो. दादा, घड्याळ बघू नका. हे बोलल्याशिवाय मी बसणार नाही.

मार्चमध्ये काकांच्या नेसरीच्या ऑफिसात आपण नवा प्रोग्रॅम दाखवायला गेलो. समोर काका, त्यांचे भागीदार, बाहेर जिलेबी तयार. काकांचा लाईनमन पिराजी खुर्चीवर बसला, त्यानं चौकटी भरल्या, बटण दाबलं, आणि पडदा जो थिजला तो थिजला. मग प्रोग्रॅमच बंद. परत चालू केला, पिराजीनं परत भरलं, परत बंद. काका तेव्हा काय म्हणाले ते इथे कितीजणांना आठवतं? "तम्मा, तुझं मशीन आमच्या पिराजीला बघून मरतंय. आमची बावीस गावं कसली सांभाळतंय?"

पिराजीला विचारलं, काय भरलंस? तो घाबरलेला. "म्या कायबी केलं न्हाय." प्रोग्रॅम पडताना भरलेलं सगळं पुसलं गेलेलं. पुरावा शून्य.

पुरावा शून्य असला की माझ्यासारख्याचं डोकं दुप्पट वेगानं चालतं. मी म्हटलं, हे कोणीतरी मुद्दाम केलंय. आदल्या दिवशी प्रोग्रॅम कोणी तपासला? इरावतीनं. त्याच आठवड्यात पुण्याच्या दुसऱ्या कंपनीतून फोन कोणाला आला? इरावतीला. फोनवर बोलायला ती जिन्यात का गेली? परत आल्यावर माझ्याकडे बघितलं का नाही? एकेक काडी जोडत मी असं खोपटं उभं केलं, की त्यात मलाच राहायला जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दादांच्या केबिनमध्ये तिच्यासमोर म्हणालो, "हिला ठाऊक होतं कुठं पडतंय. पुण्याच्या कंपनीसाठी गप्प बसली."

ती एवढंच म्हणाली, "मोहित, मी लिहून दिलं होतं."

"कुठाय? दाखव की!"

ती दाखवू शकली नाही. तिनं कळवलेल्या दोषाची नोंद मी एकदा बंद केली, की ती फक्त माझ्याच संगणकावर उरते. मी तिथल्या तिथे छातीवर हात मारून म्हणालो, असलं काही आलेलंच नाही. खरं सांगतो, तेव्हा मला तसंच वाटत होतं.

गेल्या आठवड्यातल्या बुधवारी, नेमकं कारण न सापडताच डागडुजी केलेला प्रोग्रॅम बसवायला मी नेसरीला गेलो. संकेश्वरावरून जाताना सगळी वाट मी पिराजीला कसा पकडायचा तेच ठरवत होतो. त्याच्याही मागे कोण आहे, हा संशय होताच. चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, लेका, त्या दिवशी काय टाकलं होतंस?

"माझा मोबाईल नंबर, सायेब."

"कुठं?"

"नावाच्या खालच्या चौकटीत. नावाखाली नंबरच मागत्यात की ओ. ग्यासवाले मागत्यात, ब्यांकेत मागत्यात."

"आरं, चौकटीवर 'किती वेळा' असं लिवलं हुतं!"

"वाचलं की. म्हटलं, किती येळा फोन करायचा ते तुमचं तुमी ठरवशिला."

ती चौकट होती लाईन किती वेळा तपासायची त्याची. दहा आकडी नंबर! प्रोग्रॅम बिचारा नऊशे कोटींच्या वर तपासण्यांची उत्तरं ठेवायला जागा करायला गेला आणि जागेवरच आडवा झाला.

घरी न जाता मी थेट ऑफिसात आलो आणि बंद केलेल्या नोंदी उघडल्या. अठरा फेब्रुवारी. इरावतीची नोंद: "तपासणीच्या चौकटीत मोठा आकडा भरला की प्रोग्रॅम पडतो. एक ते शंभर अशी मर्यादा घालावी. लोक इथे मोबाईल नंबरही भरतील." त्याखाली माझा शेरा: "एवढं येडं कोण असतंय?" आणि नोंद बंद.

पिराजी वेडा नाही. सगळ्या जगानं त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं. तो तसं करेल हे तिला नेसरी न बघता कळलं होतं. मला सांगूनही कळलं नाही.

हे सगळं मला बुधवारी कळलं. आज गुरुवार, तोही पुढच्या आठवड्यातला. आठ दिवस मी गप्प आहे. का? दादांच्या पुढ्यातल्या त्या पांढऱ्या पाकिटात मॅडमचं अनुभवाचं पत्र आहे. ते प्रिंटरवर आलं तेव्हा मी वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. त्यात शेवटी एक ओळ आहे: "सचोटीबाबत अभिप्राय राखून ठेवत आहोत." ती ओळ माझ्या बोलण्यामुळे आली. आणि असं पत्र घेऊन सोमवारी पुण्यात कोण तिला रुजू करून घेणार? मग ती इथेच राहील, असा हिशेब मी आठ दिवस मनात घोळवला. तिच्याशी नीट बोललोसुद्धा. काल डब्यातली भाकरी अर्धी मोडून दिली मला तिनं.

दादा, ही त्या नोंदीची छापील प्रत. तारीख बघा, तिचं नाव बघा, खाली माझा शेरा बघा. काका, तुम्हीही बघा. पिराजीला फोन लावून खात्री करा. माझ्या शब्दावर विसंबू नका. पण ते पाकीट आज असं देऊ नका. ती ओळ काढा, पत्र नवीन छापा, सही करा. प्रिंटर चालू करून ठेवलाय मी. आणि राखून ठेवलेला अभिप्राय कोणाच्या तरी नावावर घालायचाच असेल, तर माझं नाव मोकळं आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. वक्ते शेवटी म्हणतात, काही उणं-अधिक बोललो असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझं 'असेन' नाही. बोललोय, मार्च महिन्यातच बोललोय. बाकीच्यांनी आज माफ केलंत तरी चालेल. इरावती, तू घाई करू नकोस. पुण्याला जा, कामात रम, आणि मी आत्ता जे बोललो ते सगळं आधी नीट तपास. मग ठरव.