उरलेली पुट्टी

हॅलो?… हो, मीच. बरं झालं तूच फोन केलास, नाहीतर मीच करणार होते. तुझा नवरा आहे का तिथे?… दुकानात? असू दे. मग तूच ऐक.

बाबांची गाडी गळतेय!… 'परत' काय? परत नाही. आधी थेंब थेंब गळायची, आता तळं झालंय, तळं! कालच्या पावसाचं सगळं आत. मघाशी कोपऱ्यावर ब्रेक मारला, तर मागचं पाणी धावत पुढे आलं. चपला पोहत होत्या माझ्या!

अगं, हसतेस काय? चार वाजता आईला दवाखान्यातून आणायचंय. मांडीपासून प्लास्टर आहे तिला, ते भिजवून चालेल?… कसली टॅक्सी? काल बघून आले मी. पुढच्या सीटवर पाय लांबच होत नाही. ही एकच गाडी आहे जिची सीट पार आडवी होते.

हो, हो… माहितीय, रविवारभर राबला तो. वेल्डिंग नको म्हणाला, पत्रा कागदासारखा झालाय, जाळ लावला की भोक मोठंच होणार. म्हटलं, बरं. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, गंजावरचं औषध लावलं, वर फायबरची जाळी चिकटवली… अगं ऐक ना! केलं, पण काय उपयोग? चष्मे विकणाऱ्याने चष्मे विकावेत!

मी कुठे भांडतेय? मी एवढंच सांगतेय, त्याने पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. त्या ब्रशासकट!… रडू नकोस… बरं, रड.

काय?… कुठली भोकं?… थांब, गाडीपाशीच उभी आहे. बॉनेट उघडते… हां. काचेखाली पन्हळ आहे. काठोकाठ भरलीय… पाणी खाली जायला भोकं? म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनीच ठेवलेली?… आणि ती बुजली की पाणी आत येतं. मग मी तेच म्हणतेय ना! बुजवलीत तुझ्या नवऱ्याने! फटी बुजवायची पांढरी पुट्टी दिसतेय मला, बोटाने छान गुळगुळीत केलेली…

त्याने पुट्टी आणलीच नव्हती? मग काय आभाळातून पडली?

अहो, तुम्ही मध्ये बोलू नका, मी फोनवर आहे… काय?… परत म्हणा.

न्हाणीघराच्या खिडकीची उरली होती. वाया जायला नको. भोक दिसलं म्हणून भरलं… अहो, आणि मी सकाळपासून त्या माणसाच्या नावाने खडे फोडतेय, तेव्हा तुम्ही चहा पीत मान डोलावत होतात? 'खरंय तुझं' म्हणालात!

…हॅलो. हो, आहे मी. ऐकलंस ना सगळं?… नको, 'ताई, असू दे' म्हणू नकोस. आणि हे बघ, मी काय काय बोलले ते त्याला सांगू नकोस… शेजारीच बसलाय? अगं, दुकानात म्हणालीस ना?… स्पीकरवर? पहिल्यापासून?

…दे त्यांना.

भावोजी… हो. हे बघा… नाही, तुम्ही कशाला माफी मागताय? अशाने मला आणखी राग येतो! तोंड माझं सुटलं. मी म्हणायचं 'चुकलं'. म्हटलं, झालं!… आता पुट्टी काढायची कशी ते सांगा, चार वाजायला फार वेळ नाही… लाकडी काडीने. हळूच. तुमच्या जाळीला धक्का न लावता. बरं… ऐकलंत का हो? लाकडी काडी आणा… हे काय आणलंत? ठेवा ते! भावोजी, हे ड्रिल घेऊन आलेत!… नाही ऐकत हो माझं! तुम्ही या, असाल तसे या, आत्ता या… अहो, बटण दाबू नका, पाणी आहे तिथे! पाणी… ठेवते, ठेवते!