रडणारे दाराबाहेर

फादर : हात मात्र छान उतरलाय प्रभूचा. कामाचा हात आहे. नखं बघ, सुताराचीच. पण मुलीचा चेहरा अजून कोराच की रे! रविवारी टांगायचं ठरलंय आपलं.

पेंटर : होईल, फादर.

फादर : हे मी तीन आठवडे ऐकतोय.

पेंटर : मध्ये दुकानांच्या पाट्या आल्या. मग चौकटीची पट्टी वाकली.

फादर : पट्टी वाकली, तेल वाळलं नाही, उजेड कमी पडला. सगळं ऐकून झालंय. मी रागवत नाही रे. तुझी खारू गेली त्याला चारच महिने झालेत. मुलीच्या बापाकडून असलं चित्र पुरं करून घ्यायचं, हे माझ्याही जिवावर येतं. हात चालत नसेल तर सांग, दुसरा कुणी बघू. मंडळीत कुणी नावं ठेवणार नाही.

पेंटर : दुसरा नको. मीच करतो.

फादर : बरं बाबा. हा प्रभूचा शिष्य पेत्र कुठंतरी बघितलाय मी. चौकातला किल्लीवाला ना?

पेंटर : तोच. बाकी कुणी बसायला तयार होईना.

फादर : त्याला ठाऊक आहे, आपल्याला कुणाचं सोंग दिलंय ते?

पेंटर : नाही सांगितलं.

फादर : नकोच सांगू. स्वर्गाच्या किल्ल्या पेत्राकडं असतात; उद्या स्वर्गाचं कुलूप आपणच बसवलं म्हणून सांगत फिरेल गावभर.

आई : अहो, चहा ठेवलाय उंबऱ्यावर. फादरना द्या, निवून जाईल.

फादर : ताई, उंबऱ्यावर काय? आत ये की.

आई : नको, फादर. मशीनवर काम अडकलंय. तुमच्याच गाणाऱ्या पोरांचे आठ झगे शिवायचेत.

फादर : पोरं आठ दिवस साध्या कपड्यांत गातील. आवाज काही कपड्यातून येत नाही. चार महिने तू ह्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस, मला कळतं ते. आज मी आहे ना सोबत. ये.

आई : ...वास तोच आहे अजून.

पेंटर : टर्पेंटाइनचा.

आई : तिच्या केसांना हाच यायचा. शनिवारी दोनदा धुवावे लागायचे, नाहीतर रविवारी चर्चमध्ये शेजारची बाई नाक मुरडायची. ह्याच बाकावर निजायची ना ती?

पेंटर : हो.

आई : सबंध आठवडा. शाळेतून आली की दप्तर टाकलं आणि बापाच्या चित्रासाठी इथं येऊन आडवी. फादर, हे तिला म्हणायचे, मेल्यासारखी पड. की दोन मिनिटांत खुदकन हसलीच. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

फादर : गुणाची पोर होती.

आई : गुणाची कसली! जेवणाआधीची प्रार्थना इतकी भरभर म्हणायची, की आमेनच्या आधी घास तोंडात. तिला मेल्यासारखी निजवली म्हणून लोक बोलले. माझी सख्खी जाऊ बोलली. अशुभ म्हणे. मी तिला तोंडावर सांगितलं, असलं आमच्या घरात मानत नाहीत. हो ना हो?

पेंटर : हो.

फादर : बरं केलंस. चौदा दिवसांचा ताप होता तो, चित्राचा त्याच्याशी काय संबंध? आणि चित्र तर उठण्याचं आहे. सभास्थानाचा अधिकारी प्रभूला बोलवायला जातो, तो येईपर्यंत बारा वर्षांची मुलगी गेलेली असते, दारात रडारड चाललेली. प्रभू त्या रडणाऱ्यांना बाहेर काढतो, आत जाऊन मुलीचा हात धरतो, आणि...

आई : गोष्ट पाठ आहे मला, फादर. संध्याकाळच्या प्रार्थनेत वाचायची पाळी तिची आली की हीच वाचायची. तिच्या वयाची मुलगी ना! दुसरं काही वाच म्हटलं तर रुसायची.

फादर : मग तूच सांग, कसं वाटतंय चित्र?

आई : मला काय कळतंय चित्रातलं? मी आपली माणसं मोजतेय. हा प्रभू. हे तीन शिष्य. हा मुलीचा बाप. तुम्हीच ना हो हे? केस जरा सढळ हातानं घेतलेत.

फादर : तेवढी सूट द्यायला हवी बाई कलावंताला.

आई : आणि बिछान्यावर ही. सहा झाले. आई कुठाय?

फादर : कुणाची?

आई : मुलीची. बाप आणि आई, दोघांनाही प्रभूनं आत घेतलं होतं. इतक्यांदा ऐकलंय मी ते.

फादर : अरे हो की! घेतलं होतं, बरोबर आहे. बघा, तीस वर्षं ह्याच गोष्टीवर प्रवचन करतोय मी, आणि माझ्याही ध्यानात आलं नाही. काय रे, आईला विसरलास?

पेंटर : जागा पुरली नाही.

आई : किल्लीवाल्याला पुरली.

फादर : ...चहा झकास झालाय हं, ताई. मला आता निघायला हवं. गल्लीतल्या म्हाताऱ्या मास्तरांना प्रसाद द्यायचाय, वाट बघत असतील. तुम्ही दोघं बोला. आणि हे बघ, रविवारी नाही लागलं चित्र, तरी चर्चची भिंत कुठं पळून जात नाही.

(फादर जातात. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून विरत जातो.)

आई : दारातली ती बाई कोण?

पेंटर : कुठली?

आई : ही. बाहेर काढलेल्या माणसांतली. पाठमोरी.

पेंटर : असेल कुणी. रडणाऱ्या बायका असायच्या तेव्हा, त्यातली.

आई : शालीला खांद्याजवळ रफू आहे तिच्या. काळा दोरा संपला होता म्हणून मी निळ्यानं केलं होतं. लांबून कुणाला दिसत नाही. तुम्ही निळाच काढलाय. त्या दिवशी हॉस्पिटलात हीच शाल होती माझ्या अंगावर.

पेंटर : हाताला आलं, काढलं गेलं.

आई : मला सांगता? दुकानाच्या पाटीवर रेघ केसभर तिरकी गेली, तर सबंध पाटी खरवडून काढणारा माणूस तुम्ही. तुमच्या हाताला आपोआप काही येत नाही. मी बाहेर का?

पेंटर : तू बस आधी.

आई : बसत नाही. बोला.

पेंटर : त्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, आजचा दिवस निघणार नाही.

आई : किती वाजता?

पेंटर : नऊ.

आई : मी घरी आले दोन वाजता. नऊपासून दोनपर्यंत तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. मला केळं सोलून दिलंत. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या विचारलं, तर म्हणालात, औषध बदलतायत.

पेंटर : सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

आई : म्हणजे?

पेंटर : तसं वाटलं मला. तोंडानं बोललो की मान्य केल्यासारखं होईल. विश्वास कमी पडला असं होईल. आणि तू सकाळपासून रडत होतीस. आवाज नव्हता, पण थांबतही नव्हतीस.

आई : पोरगी तापानं फणफणलेली. मी काय करणार होते?

पेंटर : मी दोन महिने हेच चित्र काढत होतो गं. रोज तेच वाचायचो, तेच काढायचो. दारातली रडणारी माणसं बाहेर गेली, मग तो आत आला, मग मुलगी उठली. त्या दिवशी माझ्या डोक्यात तेवढंच होतं. रडणारं माणूस खोलीत आहे तोवर तो येणार नाही.

आई : म्हणून मला बाहेर काढलंत.

पेंटर : हो.

आई : पण तसं तोंडानं कुठं म्हणालात? खारूला घरची उशी हवीय म्हणालात. पिवळ्या अभ्र्याची. मी पळत आले. अभ्रा मळला होता, म्हटलं हॉस्पिटलात असा कसा न्यायचा, म्हणून बदलला. बटणं लावत बसले. दहा मिनिटं गेली त्यात. चार महिने मी त्या दहा मिनिटांवर रडतेय. अभ्रा तसाच राहू दिला असता तर पोचले असते, म्हणून.

पेंटर : माहीत आहे.

आई : कसं माहीत आहे?

पेंटर : मशीनवर बसलीस की एकटीच बोलतेस. भिंतीपलीकडून इकडे ऐकू येतं.

आई : आणि तुम्ही ऐकत राहिलात. इथं बसून किल्लीवाल्याची दाढी रंगवत.

पेंटर : कितीदा उठलो सांगायला. तुझ्या दारापर्यंत यायचो. पाय पुढं पडायचा नाही.

आई : मी गेल्यावर काय झालं?

पेंटर : दार लावून घेतलं. खाली गुडघ्यावर बसलो, तिचा हात धरला. म्हणालो, आता ये. आता इथं कुणी रडत नाही.

आई : ती जागी होती? झोपेतच गेली म्हणालात तुम्ही मला. जिन्यात. माझ्या हातात उशी होती.

पेंटर : खोटं बोललो. जागी होती ती.

आई : काय बोलली?

पेंटर : नको ना.

आई : काय बोलली?

पेंटर : तुला सोसायचं नाही.

आई : माझं मी बघेन. तिचं शेवटचं बोलणं तुम्ही चार महिने एकट्यानं दाबून ठेवलंत. त्यात माझाही वाटा आहे. बोला.

पेंटर : आई कुठाय, म्हणाली. मी म्हटलं, तुझी उशी आणायला गेलीय.

आई : मग?

पेंटर : म्हणाली, मला उशी नको होती.

आई : थांबा.

पेंटर : पाणी आणू?

आई : हात लावू नका मला. थांबा म्हटलं ना.

पेंटर : काहीतरी बोल. हवं ते बोल. तो रंगाचा डबा फेकून मार.

आई : तिनं उशी मागितलीच नव्हती.

पेंटर : नाही.

आई : मला वाटायचं, निदान तिनं मागितलं ते आणायला तरी गेले होते मी. तेवढ्यावर दिवस काढत होते. पुढं सांगा.

पेंटर : तिनं तसं म्हटलं आणि माझा धीरच सुटला. कळलं, काय करून बसलोय ते. दार उघडून धावलो तुला गाठायला. जिन्यापर्यंत गेलो, हाका मारल्या. नर्स ओरडली माझ्यावर. परत आलो तर...

आई : तर?

पेंटर : गेली होती.

आई : म्हणजे तुम्हीही नव्हतात.

पेंटर : नव्हतो.

आई : खोलीत कुणीच नव्हतं.

पेंटर : कुणीच नव्हतं.

आई : प्रभू?

पेंटर : मला नाही दिसला. फादर म्हणतील, होता. मुलीचा चेहरा काढायला बसलो की मला तेवढंच दिसतं. ती दाराकडं बघतेय, आणि दारात कुणी नाही. डोळे उघडे काढू की मिटलेले, तेच ठरत नाही.

आई : हे फादरना सांगितलंत?

पेंटर : नाही.

आई : पापनिवेदनाला जाता की दर महिन्याला.

पेंटर : बाकीचं सांगतो. हे आधी तुला सांगायला हवं होतं.

आई : मग चार महिने कशाची वाट बघत होतात? मी हे चित्र बघेन आणि आपणहून ओळखेन, ह्याची?

पेंटर : असेल तसंच. निळा दोरा काढला तेव्हा वाटलंच होतं, हे तू ओळखशील. पुसावंसं वाटलं नाही.

आई : तुम्ही फार वाईट केलंत माझं.

पेंटर : हो.

आई : तिचंही.

पेंटर : हो.

आई : माफ केलं असं समजू नका. आज माझ्याच्यानं होणार नाही ते, आणि उद्याचं मला ठाऊक नाही. संध्याकाळी प्रार्थना तुम्ही एकटेच म्हणा. माफीची ओळ आहे त्यात. तिथं मला तोंड हलवायला लावू नका.

पेंटर : नाही लावत.

आई : आणि हे चित्र असं चर्चमध्ये जाणार नाही. दर रविवारी मी बाकावर बसायचं आणि भिंतीवर दाराबाहेर उभं राहायचं, हे व्हायचं नाही.

पेंटर : फाडून टाकू?

आई : फाडायचं कशाला? ती दारातली बाई पुसा. आत घ्या तिला.

पेंटर : कुठं?

आई : बिछान्याला लागून. हा शिष्य सरकवा मागं. किल्लीवाल्याचा खांदा गेला तर काही बिघडत नाही. मुलीचा दुसरा हात रिकामाच आहे, तो तिच्या हातात द्या. मग डोळे उघडे काढता येतील तुम्हाला. बघायला कुणीतरी असेल तिला.

पेंटर : तू बसशील?

आई : आत्ता बसते. झगे राहू देत. बाक घ्या इकडं, उजेडाकडं.

पेंटर : तोंड पुसून घेतेस का? हे फडकं धुतलेलं आहे.

आई : कशाला?

पेंटर : डोळे लाल झालेत तुझे. गालांवर सगळं ओलं आहे. हे असंच काढू?

आई : असंच काढा. तीही रडतच असणार, आई होती ती. तरी तिला प्रभूनं बाहेर जा म्हटलं नव्हतं.