वरचं बूच

मंडळी, ऐका! माणसाला आतून बदलायचं असेल तर आधी काय करायचं? आतलं जुनं काढायचं, की नव्याला आत यायला वाट करायची? — नका सांगू. गेल्या वर्षी एका गावात विचारलं, तर दोघं भांडले आणि मृदंग फुटला. तुम्ही नुसतं ऐका.

घाटाच्या पायथ्याला बाबाजी फापाळे नावाचा एक गडी होता. जागेवर बसणं त्याला माहीतच नाही! जेवताना गुडघा हलतोय, झोपेत अंगठा हलतोय. आणि त्याची जीप — तीस-पस्तीस वर्षांची. चालली की मागून 'हूंऽऽऽ'! परका माणूस लांबून ऐकायचा आणि विचारायचा, "कोण गेलं हो?"

बाबाजीची बायको हौसाबाई. तिनं एक दिवस पिशवी भरली.

"अहो, ह्या घरात माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मी चालले माहेरी. रविवारी बारापर्यंत न्यायला आलात तर येईन. नाहीतर सोमवारपासून तिथल्या शाळेत खिचडी शिजवायचं काम धरते!"

आता ह्यातून बाबाजी काय समजला? — जीपचा आवाज फार होतो!

हसा, हसा. हसणाऱ्यांच्या बायका समोरच बसल्यात.

तेलाचा दुकानदार म्हणाला, "जुनं गिअर ऑइल काढ, सिंथेटिक घाल. गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या डिफरन्शियलमध्येपण. गाडी लोणी होईल!" डिफरन्शियल म्हणजे काय? मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी भोपळा. त्याला दोन बुचं. खालचं तेल काढायला, वरचं तेल भरायला.

रविवारी सकाळी सातला बाबाजी जीपखाली. गिअरबॉक्स वीस मिनिटांत उरकला! तसाच सरपटत मागं गेला, भोपळ्याचं खालचं बूच काढलं — भदाभदा काळं तेल परातीत! मग वरच्या बुचाला पाना लावला.

हलेना.

लोंबकळला. लाथ घातली. दोन शब्द बोलला — देवासमोर मी ते म्हणत नाही. बुचाचे कोपरे झिजून गोल झाले! जुनं तर गेलं, नव्याला वाट नाही. आणि सासरवाडी घाटावर; कोरड्या भोपळ्यानं घाट चढला तर आतले दातेच जळायचे. नऊ वाजले! बाबाजी जीपभोवती फेऱ्या घालतोय. सात झाल्या. लोकांना वाटलं, नवस असेल.

बंडू सुतार म्हणाला, "उलटी कर की. खालचं भोक वर येईल!"

ह्याला म्हणतात सल्ला. तालमीतले दहा पैलवान आले, जीप उताणी केली. चारी चाकं आभाळाकडं! बाबाजीनं तेल ओतलं. पण भोपळ्याच्या माथ्याला हवेची नळी असते, ती आता बुडाला. वरून महागाचं तेल ओतावं, खालून मातीनं प्यावं! पैलवानांनी कौतुकानं बघितलं.

तेवढ्यात फोन. हौसाबाई!

"निघालात?"

"निघतोय."

"जीप कशी आहे?"

"...आडवी झालीय जरा. तेल बदलताना."

"वरचं बूच अडलं ना?"

बाबाजीचा गुडघा थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"दिवाळीत तेल बघायला जीपखाली शिरलात, तेव्हा बॅटरीचा उजेड कोण धरून होतं? मी तीनदा म्हणाले, तेल बदलाल तेव्हा आधी वरचं निघतंय का बघा, मग खालचं काढा. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं! अहो, माझ्या बापानं जन्मभर विहिरीवरची इंजिनं दुरुस्त केली."

मंडळी, बाबाजी खाली बसला. मातीत, तेलात. पहिल्यांदा न हलता!

"मग... आता काय करू?"

पलीकडचा आवाज जरा मऊ झाला.

"जीप सरळ करा. बुचाच्या कडेला छिन्नी लावा. एक ठोका घट्ट करायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला. दमानं. आणि बारा नाही जमायचे तुम्हाला, मी दोनपर्यंत थांबते."

"का गं?"

"'काय करू' म्हणून आज पहिल्यांदा विचारलंत."

टक्! बूच निघालं. डब्यात उरलेलं तेल कसंबसं पुरलं. पावणेदोनला जीप सासऱ्याच्या दारात.

मग आवाज गेला का? छे! गिअर लोण्यासारखे पडायला लागले, पण मागचे दातेच झिजलेले, तिथं तेल काय करणार? परतताना घाटभर हौसाबाई बोलत होती. बाबाजीनं तीनदा जीप कडेला घेऊन बंद केली. चौथ्यांदा तिनंच विचारलं, "बिघडली का?"

"नाही. नीट ऐकू येईना. बोल तू."

आता तुमचं! इथं येता, म्हणता, महाराज, राग सोडला, तंबाखू सोडली. सोडा! काढायचं बूच कुणाचंही निघतं. पण घरात तुम्हाला कोण, काय, किती वर्षं सांगतंय? आठवा. आठवत नाही? मग वरचं बूच अजून गच्च आहे! आता मी देवाचं नाव घ्या म्हणणार, पण थांबा. आधी घरी जा, घरच्यांना विचारा आणि विचारून गप्प बसा.

देव थांबेल. त्याला तुमची सवय आहे.