पाच जणांचा मामा

धंदा चाव्या बनवणे व कुलपे दुरुस्त करणे, वय ५४, राहणार दुकानाच्या माळ्यावर, दुकान बसस्थानकामागच्या गल्लीत. नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे, पण गल्लीत ते कोणाला ठाऊक नाही, चावीवाला म्हणूनच ओळखतात. या ठाण्याने मला अडकलेली दारे उघडायला बऱ्याचदा बोलावले आहे. आज मी आपण होऊन आलो असून समक्ष सांगतो की,

माझ्या मयत बहिणीची मुलगी, वय १९, सात वर्षांपासून माझ्याकडे राहते. बारावीनंतर तिने सिनेमाचे शिक्षण घ्यायचे ठरवले. घरात पाच संस्थांची माहितीपत्रके आली. पाचांवर कानाला हेडफोन लावलेला एकच मुलगा हसत होता. एक संस्था तीन महिन्यांत दिग्दर्शक करून देणार होती. तीन महिन्यांत माझ्याकडच्या शिकाऊ माणसाला कानस नीट धरता येत नाही. भाचीने चार पत्रके रद्दीत टाकली व पाचव्या संस्थेचा ध्वनीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडला. आवाज शिकायला दोन वर्षे लागतात हे ऐकून मी हसलो. आपल्या गल्लीत आवाजाला तोटा नाही, इथेच फुकट शीक, असे तिला म्हणालो.

अर्जासोबत स्वतः केलेली पाच मिनिटांची फिल्म द्यायची होती. तिने मला काम करताना घेतले. आठ दिवस माझ्या हाताजवळ माइक धरून बसायची आणि मला खोकूही द्यायची नाही. फिल्ममध्ये मी चावी घासतो, कुलपात घालतो, ती लागत नाही, पुन्हा घासतो, शेवटी लागते. कोणी एक शब्द बोलत नाही. पाहून झाल्यावर मी विचारले की, हे झाले, आता सिनेमा कधी सुरू होणार? त्यानंतर तिने पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात ठेवला व खणाला कुलूप लावले.

दिनांक ४ रोजी दुपारी ती ग्रंथालयात गेली असता मी ते कुलूप उघडले. आठ-दहा सेकंद लागले. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचे नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. तीस वर्षांत मी तो मोडला नव्हता. पोरीचे हसे होऊ नये, कोणा जाणत्याकडून फिल्म सुधारून आणावी, असे मनात होते. पण खरे सांगायचे तर मला ती फिल्म टाकाऊ वाटत होती.

जाणता म्हणजे औषधांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसणारा करिअर मार्गदर्शक. त्याला सगळे सर म्हणतात. खोलीत बसूनही त्याच्या डोक्यावर गॉगल होता. भिंतीवर मोठ्या लोकांसोबतचे त्याचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोत मोठा माणूस दुसरीकडे बघत होता. त्याने फिल्म चाळीस सेकंद पाहिली आणि यात स्टोरी कुठे आहे असे विचारले. शिकलेला माणूसही माझ्यासारखेच म्हणतो याचे मला बरे वाटले. यात काही नाही, असे मीही म्हणालो. त्याने प्रत उतरवून घेतली. मी पेन ड्राइव्ह जागेवर ठेवला, खणाला कुलूप लावले व भाचीला सांगितले नाही.

दिनांक १९ रोजी भाची मुलाखतीहून आली व स्टुलावर बसून राहिली. जेवली नाही. तीच फिल्म सात अर्जांना जोडलेली निघाली, असे तिच्याकडून समजले. इतर सहांत माझ्या कानशीचा आवाज काढून बासरी घातली होती. ध्वनीच्या अभ्यासक्रमाला ध्वनी काढून टाकलेली फिल्म. अक्कल गहाण टाकल्याशिवाय हे जमत नाही. समितीने विचारल्यावर चौघांनी मी त्यांचा मामा असल्याचे सांगितले, एकाने शेजारी व एका मुलीने आजोबा. यालाच मामा बनवणे म्हणतात, असे जबाब लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. ते वाक्य कागदावर घेऊ नये अशी मी विनंती केली होती.

पेन ड्राइव्ह कुलपाबाहेर गेलाच नाही, असे भाचीने समितीला छातीठोकपणे सांगितले. त्यामुळे फिल्म तिनेच विकली असा संशय तिच्यावर आला आहे. फिल्म बाहेर कशी गेली याचा खुलासा, पोलिसांसमोरच्या जबाबाच्या प्रतीसह, उद्या पाच वाजेपर्यंत पोहोचला नाही तर तिचा अर्ज बाद होईल व पुढेही तिला तेथे अर्ज करता येणार नाही, असे पत्र आले आहे.

काल सकाळी मी सरकडे गेलो. तो म्हणाला, "विकली कुठे? रेफरन्स म्हणून दिली. आणि काका, यात काही नाही हे तुम्हीच म्हणाला होतात ना?" निघताना त्याच्या दाराचे कुलूप पाहिले. असले कुलूप लहान मूलही उघडेल. मी हात लावला नाही.

आज ठाण्यातल्या संगणकावर भाचीची मूळ फिल्म लावली. मॅडम लिहीत होत्या. चावी लागली त्या आवाजाला त्यांनी मान वर केली व पुन्हा लावायला सांगितले. तीस वर्षे तो आवाज मी रोज काढतो. चोरांना त्या फिल्मची किंमत माझ्याआधी कळली, याची मला लाज वाटते.

सदर मार्गदर्शकाविरुद्ध माझी तक्रार आहे. भाचीने फिल्म कोणालाही दिलेली नाही. खण मी उघडला. हे तिला अद्याप माहीत नाही. फिल्ममधला माणूस मीच आहे, एवढे सांगायला मामा आला आहे, अशी तिची समजूत आहे. ती बाहेर बाकावर बसली आहे.

जबाब वाचून दाखवण्यापूर्वी दार लावू का, असे मॅडमनी विचारले. उघडेच ठेवा आणि मोठ्याने वाचा, असे मी सांगितले. त्याप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आम्ही दोघांनी ऐकला. बरोबर आहे.