पहिलं वाक्य माझं नव्हतं

"हॅलो? … हां ताई, बोल. … अगं ओरडतेस काय? हळू. … कोण गेलं? … आई?? … अगं, आई तुझ्यापाशी आहे ना! … आहे ना? … बसलीय? मग ती गेली म्हणून कोण सांगतंय? … मी? … मी कधी सांगितलं?"

टेकडीवरच्या त्या घराच्या मागच्या पायरीवर धाकटी उभी होती. सगळ्या आवारात फोनवरचं बोलणं नीट ऐकू यायचं ते याच एका पायरीवर. आत दोन दिवसांचं बायकांचं लेखन शिबिर चालू होतं. थोरली बहीण आईला सांभाळायला येऊन राहिली, म्हणून धाकटीच्या वाट्याला हे दोन दिवस आले होते. सकाळपासून सगळ्यांचे फोन बंद. जेवण झालं, तिनं फोन चालू केला, आणि चालू झाल्या झाल्या तो वाजला.

"कसलं रेकॉर्डिंग? … घरच्या ग्रुपवर? … शक्यच नाही. … थांब, बघते. ठेवू नकोस हं. फोन कानावरून काढतेय… ठेवू नकोस…"

तिनं ग्रुप उघडून बघितला. शिबिराचा ग्रुप वर होता, घरच्यांचा त्याच्या खाली. बोट जाडं की नशीब, कोण जाणे. सकाळी शिबिराला म्हणून पाठवलेला तिचा स्वतःचा आवाज सगळ्या घराला जाऊन पोचला होता.

"ताई… ताई, ऐक ना. ती गोष्ट आहे गं! … हो, गोष्ट. इथे लिहायला दिली होती. … अगं, त्या शिकवणाऱ्या बाई एका वाडग्यात चिठ्ठ्या ठेवतात. एकेक उचलायची. चिठ्ठीत पहिलं वाक्य असतं, पुढचं आपण लिहायचं. मग फोनमध्ये बोलून ग्रुपवर टाकायचं, फोन बंद करायचा आणि वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. … माझ्या चिठ्ठीत होतं ते! 'त्या सकाळी ती उठलीच नाही.' … हो, तेवढंच. … मी काय करू मग, तीच चिठ्ठी आली!"

आणि तिकडे काय काय होऊन बसलं होतं!

"मामा निघाले? … कधी? … बसमध्ये आहेत? … फुलं घेऊन? अरे देवा! … मग फोन कर ना त्यांना, परत फिरा म्हणावं. … केलास? काय म्हणाले? … फुलांचं काय करू विचारतात? … ताई, हसू नकोस. … आणि वहिनीनं काय टाकलं? … 'भावपूर्ण श्रद्धांजली'? … आईनं वाचलं?? … चष्मा लावून? … काय म्हणाली? … 'माझ्या नावापुढं एवढं चांगलं कुणी जिवंतपणी लिहिलं नाही'… ही आपली आईच!"

धाकटी हसली. पण एक गोष्ट तिनं अजून विचारली नव्हती. अशा वेळी माणूस देवाकडे काय मागेल सांगता येत नाही. आईचे कान आज जरा मंद असू देत, एवढंच तिनं मागितलं.

"ताई… तिनं ऐकलं का? रेकॉर्डिंग? … सगळं? … तू लावलंस? … मोठ्या आवाजात लावलंस कशाला गं! … हो, तुला काय माहीत, खरंय. … शेवटपर्यंत ऐकलं?"

शेवटपर्यंत ऐकलं होतं.

"हो. … हो, मीच लिहिलंय. … ताई, चिठ्ठीत… … बरं, नाही. चिठ्ठीत एकच वाक्य होतं. पुढचं माझं. … हो, ते 'सुटले'ही माझं. … बोल. बोल काय बोलायचं ते. … हो, लेखिका बाई. … हो, टाळ्या पडल्या इथे. सगळ्या रडल्या. … मला काय माहीत का रडल्या! त्यांच्याही घरी कुणीतरी असेल!"

पाय घसरला की माणूस आधी जमिनीकडे बघतो, तशी ती इतका वेळ चिठ्ठीकडे बोट दाखवत होती. आता बोट दाखवायला काही उरलं नाही. गोष्टीतली मुलगी आई गेल्याचं बघते, खोलीचं दार लोटून घेते आणि झोपते. कुणाला फोन नाही, काही नाही. भर दुपारपर्यंत गाढ झोपते. उठते आणि स्वतःशीच म्हणते, सुटले. लिहिताना हात थांबला नव्हता. वाचताना आवाज कापला नव्हता. खरी पंचाईत तीच होती.

"दुष्ट? … असेन. … नाही, तू म्हण, मी ऐकतेय. … एक विचारू? काल रात्री किती वेळा उठवलं तिनं तुला? … सांग ना. … आणि पहाटे? … उशी बदल, मग पाय दाब, मग पंखा बंद कर, मग पंखा लाव. … हो ना? … मग सकाळी तुझ्या मनात काय आलं, ताई? … नको सांगूस. मी नाही विचारत. … अगं, रडतेस कशाला आता? … नाही, मी नाही चिडले. … मी टोमणा नाही मारला गं, खरंच विचारलं."

आतून कुणीतरी हाक मारली, वर्ग सुरू होतोय म्हणून. तिनं मागे न बघताच हात हलवला.

"काय भरायला लावली? … बॅग? … कुणाची? … आईनं? … कुठे जायला? … तुझ्याकडे?! … कायमची? … अगं, तुझ्याकडे तीन मजले चढायचे, तिला तीन पायऱ्या होत नाहीत. बाथरूमला तो उंच उंबरा. … तू काय केलंस? … भरलीस. … जेवली का ती? … नाही? … सकाळपासून? … ताई, तिला दे फोन. … नाही म्हणू दे. कानाला लाव तिच्या. … हो, मी सांभाळून बोलेन. लाव."

पलीकडे बराच वेळ नुसती खुडबुड. काठी जमिनीला टेकल्याचा आवाज. मग श्वास. तो श्वास धाकटीनं ओळखला; रोज रात्री भिंतीपलीकडून ती त्याच्यावरच कान ठेवून झोपायची.

"आई? … मी बोलतेय. … हो, जेवले. … चांगलं होतं. … तू का नाही जेवलीस? … बरं, नाही विचारत. … आई, ती गोष्ट होती गं. … हो, आवाज माझाच. … नाही, ती बाई म्हणजे तू नव्हेस, ती गोष्टीतली… … हो, तिच्याही गुडघ्याला पट्टा आहे. … हो, तीही काठी आपटून हाक मारते. … हो आई. तूच आहेस."

"… रडले का? कधी? … गोष्टीत? … नाही. … नाही रडले. … झोपले. … ऐकलंस ना तू, मग कशाला… … हो. उठले आणि म्हणाले. … तेच. … मला नको ना परत म्हणायला लावूस."

"… ताई बोलली मला, बॅगेचं. … रागानं नाही जात? … मग? … माझ्यासाठी? … नाही गं, मला कुठे… … मला विचारतेस?"

हो, तिलाच विचारत होती. जाऊ का, एवढंच. आवाजात धार नव्हती की रुसवा नव्हता. दुकानात पिशवी पुढे करून हे ठेवू की ते, असं विचारावं तसं. उत्तर दोन अक्षरांचं होतं: नको. ते ओठावर होतंही. पण मधे एक रात्र येऊन उभी राहिली. अंधारी, सलग, कुणीही न मोडलेली रात्र. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. श्वासभरच. पण जिनं पाळण्यापासून आपल्या पोरीचं गप्प बसणं ओळखलं, तिला श्वासभर पुष्कळ होतं.

"हॅलो? … आई? आवाज तुटला गं मधेच. इथे रेंज जाते. … हो, आता येतंय ऐकू. … काय म्हणालीस? …"

"… आई. … नाही तुटला. … रेंज होती. मीच गप्प बसले."

"… हो. … वाटलं. … खोटं नाही बोलत, एक क्षण वाटलं, जाऊ दे. … आणि नकोही वाटलं. … दोन्ही. … एकदमच. … आता दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला नाही सांगता येत! सांगता आलं असतं तर इथे शिकायला कशाला आले असते? … हसलीस? … खोकला आला? बरं. पाणी घे. … ताईला म्हणावं, कोमट दे."

तिचे डोळे वाहत होते, आणि तिनं ते पुसले नाहीत.

"… मी आत्ता निघू का? … नको? … नको कसं? … उद्याचा वर्ग? तो बुडाला तर बुडू दे. … बरं. बरं, करते पुरा. … उद्या संध्याकाळी येते. … तोवर बॅग भरलेली राहू दे? … राहू दे. … मग मी आल्यावर ठरवायचं. … कोण ठरवणार? … तू. … बरं."

"… काय? … तुझ्यासमोर? … फोनवर ऐकलंस की. … समोर बसून. … तुझ्याकडे बघून? … आई, ते मला नाही जमणार. … इथे परक्या बायकांसमोर वाचलं ते वेगळं गं. … हो. … हो, त्यांची आई नव्हे, माझी. … बरं. वाचेन. … सगळं? … तेही? …"

"… नाही गाळणार. … नाही म्हटलं ना, आई, एक शब्दही नाही गाळणार. … पण तोवर दोन घास तरी… हॅलो? … आई? … ठेवलास फोन?"