शिशाचा हिरवा

—नाही काकू, कान नाही लागायचा याला. भाजलेल्या मातीला ओली माती धरत नाही, कितीही लाडीगोडी लावा. हे गेल्या आठवड्यातच सांगायला हवं होतं, तुम्ही हा कप टेबलावर ठेवलात तेव्हाच. पण मी म्हटलं ठेवून जा, बघते काय होतं. आणि आज तुम्ही एवढ्या उन्हाच्या आलात — बसा ना, तो स्टूल घ्या, यावर माती सांडलीय — तर मी तो परत देत नाहीये. हसा तुम्ही. पण दोन मिनिटं बसून हसा.

खिडकीतले कप? ते सगळे नापास. डावीकडचा तो निळसर, मोरपिसासारखा — लोक तोच मागतात, आणि मला तोच नकोय. मला तुमच्या कपातला, बाबांच्या हातचा हिरवा हवाय. वाटाण्याची शेंग सोलल्यावर आतून दिसते ना, तसा. तांबं तेच आहे, गारगोटीची पूड तीच, भट्टी तीच. पण बाबांच्या झिलईत शिसं असायचं. शिसं काढलं की ती पूड वितळायला दुसरं काहीतरी लागतं, म्हणून मी टाकणखार घातला, सोडा घातला — आणि तेच तांबं निळं पडलं. सोडा कमी केला, तर झिलई वितळेचना, कप असा खरखरीत की ओठ सोलून निघतील. मग जरा पिवळटपणा यावा म्हणून लोखंडाचा गंज घातला. तो शेवटचा बघा, डबक्यासारखा. तांब्याचं काही चुकत नाही हो, त्याची सोबत बदलली की ते बदलतं.

शिसं कोणी काढलं? मी. कॉलेजात रसायन शिकले आणि पहिल्याच सुट्टीत घरी येऊन भांडण मांडलं — हे विष आहे, आंबट काही ओतलं की भांड्यातून उतरतं, आपण लोकांना विष विकतोय. बाबा म्हणाले, "मास्तरीण, मी जन्मभर यातूनच पितोय." मी म्हटलं, म्हणूनच. आठवडाभर अबोला. मग एका सकाळी मागच्या अंगणात आवाज आला म्हणून धावले, तर बाबा फडताळातला सगळा हिरवा माल काढून दगडावर फोडत बसलेले. एकेक, शांतपणे, अंडी फोडावीत तसे. स्वतःचा कप शेवटी. मग हात झटकले आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. आता नवा हिरवा तू शोध." असा माणूस असतो का हो कुठे? आणि माझं बरोबरच होतं. आजही म्हणेन. तुम्ही यातून चहाच पीत होतात ना? — लिंबाचं सरबत? काकू. नका हो. आज घरी गेल्यावर यातलं आणखी काही असेल तर फुलं ठेवा त्यात, पण पिऊ नका.

बाबांना ते फोडलेलं आता आठवत नाही. मीही आठवत नाही — कधी मी त्यांची आत्या असते, कधी शेजारीण, परवा भाडेकरू होते. तो जुना हिरवा कप मात्र आठवतो. हल्ली पाणी पुढे केलं की आधी आत डोकावतात, तळाशी. झिलई ओघळून तळाला साचते ना, तिथे रंग सगळ्यात गडद. तो दिसला नाही की ओठ मिटतात. "हा माझा नाही," म्हणतात. हट्टाने नाही, अगदी सभ्यपणे, पंगतीत चुकून दुसऱ्याचं ताट पुढे यावं तसं. मी चमच्याने ओठ ओले करते. डॉक्टर सलाईन लावतात, बाबा सुई उपटतात. जिभेला भेगा पडल्यात, उन्हात विसरलेल्या मातीसारख्या. एकदा मी कपाला आतून नुसता हिरवा रंग फासला, म्हटलं म्हाताऱ्याला काय कळतंय. एका नजरेत ओळखलं त्यांनी. पोरीचं नाव विसरलेला माणूस, पण झिलई नाही विसरला.

आणि तुमच्या कपातून — हो, दिलं. तुम्हाला न विचारता. तुमची पाठ फिरली तशी धुतला, पाणी भरलं, पुढे धरला. आत डोकावले, आणि मग घटाघटा, काकू, हनुवटीवरून सांडेपर्यंत. वर कप कुशीत लपवला आणि मला हळूच म्हणाले, "मास्तरणीला दाखवू नका हां. फोडेल ती."

मी म्हटलं, नाही दाखवत.

तेव्हापासून रोज त्यातूनच पाजतेय. नुसतं पाणी, आंबट काही नाही, लगेच रिकामा करते — अशी स्वतःचीच समजूत घालते, पण शिसं ते शिसंच. पाजलं नाही तर आठवडा काढणार नाहीत, आणि पाजते तेव्हा माझाच हात मला ओळखू येत नाही. तर आता ऐका, याचसाठी बसवलंय तुम्हाला. त्या फडक्याखाली सकाळच्या भट्टीतला कप आहे. यात सोडा जवळजवळ नाही, राखेचा खार आहे, टाकणखार वाढवलाय. मी बघितलाय, पण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, मला हल्ली प्रत्येक कप पहिली पाच मिनिटं हिरवाच दिसतो. तुम्ही बघा. इथे दाराशी या, उजेडात. तुमचा या हातात, हा त्या हातात. बाहेरून नको, आत बघा, तळाशी. एकसारखा असेल तर तुमचा आत्ता तुमच्यादेखत फोडते आणि कान असलेला नवा तुम्हाला करून देते. घाई नाही, नीट बघा. थोडा तिरका धरा.

सांगा ना.

राहू दे. नका सांगू, तुमच्या तोंडावर दिसलं.

नाही, "जवळजवळ" त्यांना चालत नाही. ऐकलंत, आतल्या खोलीतला खोकला? तहानेचा आहे तो. हा नवा ठेवा खिडकीत, त्या बाकीच्यांशेजारी. आणि तुमचा — द्या इकडे. द्या काकू.

जाताना दार नुसतं लोटून घ्या.